तळ्याकाठचा नळ घातला की म्हैस खंगते, जबड्याखाली सूज येते: काय तपासावं, काय बदलावं

दिवाळी सरली की तलावाचं पाणी मागं हटायला लागतं. काठाला नळ, म्हणजे पुरुषभर उंचीचं पाण्यातलं हिरवं गवत, उभं असतं आणि गोठ्यात ओल्या वैरणीची चणचण सुरू झालेली असते. मग विळे आणि दोर घेऊन आपण काठावर उतरतो. पहिला महिना-दीड महिना सगळं छान चालतं. पौष-माघात एखाद्या म्हशीचे केस राठ होऊन उभे राहतात, शेण कधी पातळ तर कधी कडक गोळ्यांचं पडतं, दूध रोज थोडं थोडं उतरतं. मग एके संध्याकाळी चरून आलेल्या म्हशीच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ पिशवी लोंबताना दिसते. आपण जंताचं औषध पाजतो, थोडे दिवस बरं वाटतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पौष-माघातच तीच कथा.

आमच्या गोठ्यात हे सलग तीन वर्षं झालं. त्यात एक चांगली दुसऱ्या वेताची म्हैस गेली. गावात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की नळ बाधतो, नळ घालू नका. चौथ्या वर्षीही आम्ही नळ घातला, पण कापायची पद्धत बदलली, औषध बदललं आणि औषधाची वेळ बदलली. तेव्हापासून सूज आलेली नाही. ज्यांच्या वैरणीचा आधारच तळ्याचा काठ आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी सूज कसली आहे ते बघा

ही पायरी सर्वांत आधी, कारण इथे चूक झाली तर जनावर एका दिवसात जातं. गळ्याखालची सूज घटसर्पातही येते. घटसर्पाची सूज गरम आणि दुखरी असते. जनावराला १०४ ते १०६ फॅरेनहाइट ताप असतो, तोंडातून लाळ गळते, श्वास घेताना घरघर होते, आणि हे सगळं काही तासांत घडतं. असं दिसलं तर पुढचं काही वाचत बसू नका, आधी पशुवैद्यकाला फोन करा.

मी ज्या सुजेबद्दल बोलतोय ती थंड असते आणि दुखत नाही. बोटाने दाबली तर खड्डा पडून थोडा वेळ तसाच राहतो. संध्याकाळी जास्त दिसते, रात्रभर मान वर राहिली की सकाळी कमी होते. ताप नसतो. जनावर खातं, रवंथही करतं, पण अंग धरत नाही. डोळ्याची खालची पापणी उलटून बघा. आतली त्वचा गुलाबी असायला हवी, ती पांढुरकी किंवा मातकट दिसली तर रक्त कमी झालेलं आहे. सूज आणि फिकी पापणी ही जोडी दिसली, आणि जनावर गेले दोन-तीन महिने पाणथळीची वैरण खात असेल, तर पहिला संशय पर्णकृमीवर घ्यावा. म्हणजे यकृतात राहणारा चपटा, पानाच्या आकाराचा जंत. डॉक्टर त्याला लिव्हर फ्लूक म्हणतात.

मानेच्या खाली, छातीपुढच्या पोळीत सूज असेल आणि जनावर कोपरं बाहेर काढून उभं राहत असेल, तर पोटात गेलेली तार किंवा खिळा हृदयापर्यंत पोचल्याचीही शक्यता असते. ते वेगळं दुखणं आहे. शेळ्या-मेंढ्यांत अशी सूज पोटातल्या रक्तशोषक गोल जंतानेही येते. म्हणून सूज दिसली म्हणजे पर्णकृमीच, असं घरबसल्या ठरवू नका.

कापलेला नळच आहे ना?

नळ हे गवतच आहे, फक्त फार उंच. कांडं बांबूसारखं पेरांचं, आतून पोकळ. प्रत्येक पेराला एक पान, पानं खोडाच्या दोन बाजूंना. पान खोडापासून ओढून सांध्याशी बघितलं तर तिथे बारीक केसांची झालर दिसते. पावसाळा संपता संपता शेंड्याला मोठा, पिसासारखा तुरा येतो. शास्त्रात याला फ्रॅग्मायटिस म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्यातली कार्का ही जात दिसते, आणि जगभर पसरलेली ऑस्ट्रॅलिस ही तिची सख्खी बहीण.

पाणकणीस वेगळं. काही ठिकाणी त्यालाच रामबाण म्हणतात. त्याला पेरं नसतात, लांब पट्ट्यासारखी पानं थेट बुडातून निघतात आणि वर तपकिरी, मखमली कणीस येतं. जनावरं ते कोवळं असताना थोडंफार खातात, पण वैरण म्हणून त्यात नळाइतका दम नाही.

खरा धोका बेशरम या विषारी झुडपाचा. नळाच्या बेटात बेशरम बेमालूम मिसळलेला असतो आणि घाईत कापलेल्या भाऱ्यात त्याची कोवळी डहाळी येते. एरवी जनावर बेशरमाला तोंड लावत नाही. पण कुट्टी करून नळात मिसळला गेला तर ते निवडणार कसं? त्याचं विष हळूहळू साठतं आणि मज्जातंतूंवर जातं. मागचे पाय लटपटतात, मान थरथरते, शेळ्यांना तर लवकर बाधतं. भारा बांधण्याआधी मोकळा करून झटका. रुंद, बदामी आकाराचं पान आणि फिकट जांभळं, कर्ण्यासारखं फूल दिसलं की काढून टाका.

नावाचा एक घोटाळा सांगायलाच हवा. काही भागांत पाण्यातल्या नळाला देवनळ म्हणतात. सह्याद्रीच्या डोंगरउतारावर वाढणाऱ्या रानतंबाखूलाही देवनळ हेच नाव आहे. त्याचंही खोड पोकळ असतं, पण ती वनस्पती विषारी आहे आणि तिचा या नळाशी काडीचा संबंध नाही. घाटमाथ्यावरच्या कुणाला फोनवरून वैरणीचा सल्ला देताना नुसतं देवनळ म्हणू नका, पाण्यातला पेरांचा नळ असं म्हणा.

नळ विषारी नाही

गावातल्या समजुतीला उत्तर म्हणून एवढंच सांगतो. इराकच्या दक्षिणेला तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या दलदलीत राहणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हशी पाळत आले आहेत, आणि त्यांच्या म्हशींची मुख्य वैरण नळाचे कोवळे कोंब हीच. लोक होडीतून जाऊन रोज कोंब कापून आणतात. राहायची घरंही नळाचीच. १९९० च्या दशकात ती दलदल मुद्दाम आटवली गेली तेव्हा माणसं आणि म्हशी दोन्ही देशोधडीला लागली. २००३ नंतर पाणी परत सोडलं, नळ पुन्हा उगवला, तशी काही कुटुंबं म्हशींसह परतली. आपल्या मणिपुरात लोकटक सरोवरातल्या तरंगत्या बेटांवर नळाची हीच कार्का जात वाढते आणि संगाई हरणाच्या चाऱ्यात ती असते. तेव्हा बाधतं ते नळाला चिकटून येणारं काहीतरी, आणि ते नेमकं कुठे चिकटतं हे कळलं की अर्धं काम होतं.

पर्णकृमी नळावर येतो कसा

बाधलेल्या म्हशीच्या शेणातून पर्णकृमीची अंडी पडतात. एक मोठा कृमी दिवसाला हजारो अंडी घालतो. शेण कोरड्या रानात पडलं तर अंडी वाळून मरतात. पण म्हैस पाण्यात डुंबायला बसते आणि तिथेच शेण टाकते. उबदार पाण्यात साधारण दोन आठवड्यांत अंड्यातून सूक्ष्म अळी निघते आणि ती एका विशिष्ट जातीच्या पाणगोगलगायीत शिरते. ही गोगलगाय लहान, पातळ कवचाची, टोकदार शेंड्याची आणि मोठ्या तोंडाची असते. नळाच्या बुडाशी, पानांच्या कुजक्या थरात हात घातला तर सहज सापडते. तिच्या पोटात एका अळीच्या शेकडो अळ्या होतात, आणि त्याला महिना-दोन महिने लागतात. मग त्या बाहेर पडतात, पोहत जाऊन पाण्याखालच्या किंवा पाण्याच्या रेषेवरच्या खोडा-पानाला चिकटतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. खसखशीच्या दाण्याहूनही लहान असल्यामुळे भाऱ्यात त्या आपल्या नजरेला पडत नाहीत.

जून-जुलैत पाणी भरतं, श्रावण-भाद्रपदात गोगलगायी वाढतात, आणि पाणी उतरायला लागतं तेव्हा नळाचं बूड या गाठींनी भरलेलं असतं. नेमके त्याच वेळी आपण विळा घेऊन उतरतो.

जनावराच्या पोटात गेल्यावर कवच फुटतं, पिल्लू कृमी आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतो आणि पुढचे दोन-अडीच महिने यकृत पोखरत फिरतो. नंतर पित्तनळीत जाऊन मोठा होतो आणि रक्तावर जगतो. आपल्याकडची जात मोठी, तीन ते सात सेंटिमीटरपर्यंत वाढणारी. शेणात अंडी दिसायला गाठ पोटात गेल्यापासून तीन-चार महिने लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे औषधाच्या वेळी लागणार आहे.

जंताचं औषध दिलं, तरी उपयोग का झाला नाही

आमची सर्वांत मोठी चूक इथे होती. तीन वर्षं आम्ही औषध पाजलं, पण ते या कृमीचं नव्हतंच. दुकानात जंताचं औषध मागितलं की जे हाती येतं ते आणायचं, असं चाललं होतं. आयव्हरमेक्टिन गोल जंतांवर आणि गोचिडांवर चालतं, पर्णकृमीला त्याने काहीही होत नाही. फेनबेंडाझोलचंही नेहमीच्या मात्रेत तेच. अल्बेंडाझोल जास्त मात्रेत दिलं तर पित्तनळीतल्या मोठ्या कृमींवर काम करतं, यकृत पोखरणाऱ्या पिल्लांवर नाही, आणि गाभण जनावराला पहिल्या तीन महिन्यांत ते देऊ नये. ऑक्सिक्लोझॅनाइडचा भरही मोठ्या कृमींवरच. कोवळ्या पिल्लांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांवर चालणारं औषध म्हणजे ट्रायक्लाबेंडाझोल. पण ते दुभत्या जनावराला देण्यावर बंधनं आहेत आणि म्हशीला गाईइतकी मात्रा पुरतेच असं नाही. म्हणून मात्रा इथे मुद्दाम लिहीत नाही. वजन पट्टीने मोजा, जनावर दुभतं आहे की गाभण हे पशुवैद्यकाला सांगा, आणि औषधानंतर किती दिवस दूध घालायचं नाही हे विचारून घ्या. डेअरीत दूध घालत असाल तर ते दिवस प्रामाणिकपणे पाळा, ते दूध कुणाच्यातरी लहान मुलाच्या पेल्यात जातं.

दुसरी चूक वेळेची. सूज दिसल्यावर पाजलेलं औषध म्हणजे यकृत पोखरून झाल्यावरचा उपाय. कृमी मेला तरी यकृतावरचे व्रण राहतात, आणि ते जनावर त्या वेतात पूर्वीच्या दुधावर येत नाही. आता आम्ही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वर्षातून दोनदा औषध देतो. एकदा हिवाळ्यात, म्हणजे पावसाळ्यात आणि त्यानंतर पोटात गेलेल्या गाठींचा बंदोबस्त होतो. दुसऱ्यांदा पाऊस सुरू व्हायच्या आधी, म्हणजे तलाव भरताना आमच्या जनावरांच्या शेणातून अंडी पाण्यात जात नाहीत. हा दुसरा डोस लोक टाळतात, कारण उन्हाळ्याच्या अखेरीस जनावर ठीक दिसत असतं. पण पुढच्या वर्षीचं चक्र तोडतो तो हाच. एका गोठ्याने दिला आणि शेजारच्या दहा गोठ्यांनी नाही, तर फायदा अर्धवट राहतो. आमच्या वस्तीतल्या सहा घरांनी एकाच आठवड्यात दिला, तेव्हा खरा फरक पडला.

तिसरा घोळ शेणाच्या तपासणीचा. आम्ही एकदा पौषात शेण तपासून आणलं, काही नाही असा निकाल आला आणि आम्ही निर्धास्त झालो. वर सांगितलं तसं, अंडी दिसायला तीन-चार महिने लागतात. आजार जोरात असताना अहवाल कोरा येऊ शकतो. शिवाय पर्णकृमीची अंडी जड असतात, ती मिठाच्या पाण्यावर तरंगवून बघायच्या साध्या पद्धतीत नीट सापडत नाहीत. शेण पाण्यात ढवळून, गाळून, तळाचा गाळ तपासावा लागतो. नमुना देताना स्पष्ट सांगा: पाणथळीची वैरण आहे, पर्णकृमीची अंडी बघा, तळाचा गाळ तपासा. ताजं शेण, स्वच्छ डब्यात, त्याच दिवशी.

विळा कुठे लावायचा

आता मुख्य गोष्ट. पूर्वी आम्ही नळ बुडापासून कापायचो. वाकून, पाण्यात हात घालून, जितका लांब मिळेल तितका. भारा मोठा दिसतो, मेहनतीचं चीज झाल्यासारखं वाटतं. पण गाठी असतात त्या नेमक्या त्या खालच्या हातभर भागात.

पाण्याच्या वर कापा, असं कुणीही सांगेल. त्यात एक खोच आहे. पाणी उतरत असतं. आज पाणी घोट्याला आहे, पण महिन्यापूर्वी ते मांडीला होतं. तेव्हा चिकटलेल्या गाठी आज हवेत, खोडावर आहेत. थंडीत दव पडतं, बेटाच्या आत सावली आणि ओल असते, त्यामुळे त्या आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. म्हणून आजचं पाणी बघू नका. नळाच्या खोडावर पाण्याने सोडलेली गाळाची रेघ बघा. खाली मातकट, वर स्वच्छ हिरवा, असा फरक स्पष्ट दिसतो. त्या रेघेच्या वर एक वीत सोडून विळा लावा. भारा लहान होईल, एक खेप जास्त पडेल. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी कुरकूर केली, पण वरचा भाग पानांचा असतो आणि जनावर तो अख्खा संपवतं. पूर्वी गव्हाणीत उरायची ती बुडखीच होती.

रेघेखालचा भाग लागणारच असेल, तर तो वेगळा कापा, वेगळा बांधा आणि बांधावर पातळ पसरून वाळवा. इंडोनेशियात जावा बेटावर भातशेतीतल्या पर्णकृमीसाठी हाच मार्ग सांगितला गेला: ताटाचा वरचा भाग ओला घाला, खालचा तीन दिवस कडक उन्हात वाळवून मग घाला. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषातलं ऊन मऊ आणि रात्री दव, म्हणून मी आठवडाभर ठेवतो, रोज उलथतो आणि काडी कडकन मोडली तरच गोठ्यात आणतो. ढीग करून ठेवलेला नळ वाळत नाही, आत ओला राहतो. मुरघास केला की गाठी मरतात असं काही जण म्हणतात, मी त्यावर विसंबत नाही.

पाणी हटलेल्या गाळावर कोवळी, लुसलुशीत फुटवण येते. जनावरं तिच्यासाठी वेडी होतात आणि सोडली की थेट तिकडेच धावतात. ती जमिनीलगत असते, ओलीत असते, म्हणून सर्वांत धोक्याची. आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी जनावरं काठावर सोडतच नाही, वैरण कापून गोठ्यात आणतो. गाळपेऱ्यात, म्हणजे पाणी हटलेल्या गाळाच्या जमिनीत, ज्यांनी हरभरा किंवा ज्वारी केली आहे त्यांनाही ते बरं पडतं.

पिण्याचं पाणीही विहिरीचं किंवा बोअरचं, हौदातून द्या. काही गाठी पाण्यावर तरंगतात, तेव्हा वैरण कितीही उंचावरून कापली आणि पाणी काठावरच पाजलं तर काय उपयोग?

आणि कापताना नळाची काडी दातात धरायची सवय असेल तर सोडा. हा कृमी माणसालाही होतो.

जनावर नळ टाकतं, किंवा खातं पण दूध उतरतं

सूज नाही, पापणी गुलाबी, तरी दूध कमी, असं असेल तर प्रश्न कृमीचा नसून नळाच्या वयाचा आहे. कोवळ्या पाल्यात प्रथिनं चांगली असतात, कोरड्या वजनावर दहा टक्क्यांच्या वर जातात. तुरा आला की ती झपाट्याने उतरतात, खोड काष्ठासारखं होतं, त्यात वाळूचा अंश म्हणजे सिलिका वाढते. प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की पोटातले जिवाणूच उपाशी राहतात, मग पोट भरलेलं दिसतं पण चारा पचत नाही. तुरा आलेला नळ कडब्यासारखा समजा. त्याच्यासोबत पेंड किंवा लसूणघास हवाच.

दिवाळीनंतर आपल्याला मिळतो तो बहुतेक तुऱ्यावरचाच नळ. तेव्हा शेंड्याकडचा पानांचा भाग घ्या, खोडाचा मोह सोडा. माघात जुना नळ कापून मोकळा केला की फाल्गुन-चैत्रात त्याच बेटातून जोमदार कोंब येतात. गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली असताना कापलेला हा नळ माझ्या मते उन्हाळ्यातली सर्वांत गुणाची फुकट वैरण आहे, कारण त्या वेळी दुसरं हिरवं काहीच नसतं. उंचीचा नियम तेव्हाही तोच.

पानाच्या कडा धारदार असतात, म्हणून कडबाकुट्टीतून बारीक करून घाला. एकदम भरपूर घालू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. आम्ही एकूण ओल्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नळ नेत नाही. खनिज मिश्रण रोज.

दोन-तीन वर्षांत नळाचं बेटच मेलं

ही तक्रार वेगळी वाटते, पण कारण तेच निघालं. नळाचे जमिनीखालचे कंद चिखलात असतात आणि चिखलात हवा नसते. पाण्याच्या वर उभ्या असलेल्या पोकळ खोडांतून, अगदी वाळलेल्या खुंटांतूनसुद्धा, हवा खाली पोचते. खोड पाण्याखाली कापलं, किंवा कापल्यावर खुंट पाण्यात बुडाले, तर कंद गुदमरून कुजतात. नळ नको असलेल्या ठिकाणी तो मारायला लोक मुद्दाम हीच युक्ती वापरतात. आम्ही वैरणीसाठी तीच करत होतो आणि बेट का आटतंय म्हणून चिंता करत होतो. रेघेच्या वर वीतभर खुंट ठेवायला लागल्यापासून आमच्या काठावरचं बेट पुन्हा दाट झालं आहे.

त्याच मुळांनी काठाचा गाळ धरून ठेवलेला असतो आणि गावातून येणाऱ्या पाण्यातलं नत्र शोषून घेतलेलं असतं, म्हणून सांडपाणी शुद्ध करण्याच्या मूळ-क्षेत्र पद्धतीत नळ मुद्दाम लावतात. पण गटाराच्या किंवा कारखान्याच्या नाल्यात वाढलेला नळ, कितीही हिरवा असो, जनावराला घालू नका. तो तिथे जे शोषतोय ते आपल्याला दुधात नको.

पावसाळ्यात बेटाला हात लावू नका. जांभळ्या पाणकोंबड्या त्यातच घरटी करतात. एका वर्षी अर्धं बेट कापा, पुढच्या वर्षी उरलेलं. अभयारण्याच्या हद्दीत असाल तर वन विभागाची परवानगी लागते, आणि धरणाची जमीन असेल तर जलसंपदा खात्याला विचारून घ्या.

गोगलगायींचं काय

मोरचूद टाकून गोगलगायी मारायचा सल्ला अजूनही दिला जातो. मोरचुदाने गोगलगायी मरतात, पण मासेही मरतात. तलावावर मासेमारी करून पोट भरणारी घरं आपल्याच गावात आहेत. आमच्याकडे दोन घरांनी बदकं पाळली आहेत, ती काठावर दिवसभर गोगलगायी वेचतात. त्याने सगळ्या संपत नाहीत, कमी होतात. गोठ्याचं शेण काठाजवळच्या उकिरड्यावर टाकायचं आम्ही बंद केलं. आता ते वरच्या बाजूला खड्ड्यात कुजतं, तिथे अंडी उष्णतेने मरतात.

शेळ्या असतील तर त्यांना पाणथळीची ओली वैरण देऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हैस महिनोन्‌महिने खंगते, शेळी-मेंढी मात्र एकदम गाठी पोटात गेल्या तर सूज यायच्या आधीच, एका रात्रीत मरून पडते. त्यांना फक्त नीट वाळलेला नळ.

यंदा नव्याने सुरुवात करत असाल तर नळ सुरू करायच्या दिवशीच प्रत्येक जनावराची पापणी बघून रंग वहीत लिहा, छातीचा घेर पट्टीने मोजून लिहा, आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. पापणी फिकी पडायला लागते ती सुजेच्या बरीच आधी.